घाटातले मीठ आणि रानातले मूळ

वेंगुर्ल्याच्या बंदरातून निघून सावंतवाडी मागे टाकीत, सह्याद्रीचा उभा कडा चढून बेळगावच्या छावणीकडे जाणारी जी जुनी वाट आहे, तिच्या माथ्यावरचे आंबोली हे गाव आज बहुतेकांस धबधबे, धुके आणि तीनशे इंचांच्या घरात जाणारा पाऊस यांमुळेच ठाऊक असते. परंतु इंग्रजी अमदानीत त्याचे महत्त्व हवेपेक्षा वाटेमुळे अधिक होते. पूर्वी या भागातील रहदारी रामघाटाच्या अवघड चढणीने चाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारपोली घाटाची गाडीवाट तयार झाली, सावंतवाडी संस्थानचा पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप याने आंबोलीस थंड हवेचे ठिकाण म्हणून वसविले, आणि दक्षिणेतील फौजेची रसद याच मार्गाने वर चढू लागली. साहेबांचे बंगले आणि त्यांच्या उन्हाळी मुक्कामांच्या हकिकती पुष्कळांनी लिहिल्या आहेत. बैलांच्या पाठीवर काय होते, याची विचारपूस मात्र फारशी कोणी केलेली नाही.

बैलांच्या पाठीवर मीठ होते. देशावर धान्य मुबलक पिके, गूळ होई, मिरची होई. पण चिमूटभर मिठासाठी देशावरच्या माणसाला समुद्राकडेच तोंड करावे लागे. वेंगुर्ल्याच्या दक्षिणेस शिरोड्याची मिठागरे आहेत. तेथे भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत कोंडून उन्हात आटवीत, आणि तळाशी बसलेले खडे ओढून त्यांचे ढीग रचीत. हे मीठ गोण्यांत भरून लमाणांचे तांडे घाट चढत आणि परतताना धान्य घेऊन उतरत. सरकारच्या दृष्टीने ही गोणी म्हणजे महसूलच होता. मिठावरचा कर इतका जिव्हारी लागलेला होता की १९३० साली याच शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला आणि लोकांनी मूठमूठ मीठ उचलून लाठ्या खाल्ल्या. ज्या पदार्थासाठी माणसे मार खावयास सिद्ध होतात, तो आपल्या प्रकृतीचा वैरी असू शकेल, ही कल्पना त्या काळी सामान्य माणसास सुचणे कठीणच होते.

शिवाय कोकणात मीठ ही केवळ चव नव्हे. ती पावसाळ्याची बेगमी आहे. समुद्र खवळून होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या, म्हणजे घरात उरतात ते मिठात मुरवून वाळविलेले बांगडे, सुकट, आणि बरणीतल्या खारातल्या कैऱ्या. उकड्या तांदळाची ऊन पेज आणि निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा, ज्याच्या काळपट सालीवर मिठाचे पांढरे कण उठून दिसतात, हे ज्याने आषाढात खाल्ले आहे त्यास वैद्यकाचा उपदेश गोड लागणे कठीण आहे. हे मी उपहासाने म्हणत नाही. त्या पेजेवर मीही वाढलो आहे.

वैद्यकाचे म्हणणे मात्र स्पष्ट आहे. मिठातील सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते. मूत्रपिंडांना ते वेळेवर बाहेर टाकता आले नाही, तर वाहिन्यांतील रक्ताचे आकारमान वाढते, आणि पुढे त्या वाहिन्याच आकुंचित व ताठर होऊ लागतात; हाच उच्च रक्तदाब. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसास दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ पुरे, असे सांगते. एवढे मीठ जेमतेम एका चमच्यात मावते. अर्थात सर्व दोष मिठाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. आनुवंशिकता, वाढते वय, मेद, मद्य, आणि अंग न हलविणारी उपजीविका हे या व्याधीचे तितकेच खंदे साहाय्यक आहेत. घाट चढणाऱ्या लमाणाचे पुष्कळसे मीठ त्याच्या घामातूनच निघून जात असावे. आपण त्याचे मीठ ठेवले आणि चढण सोडून दिली, असे मला वाटते.

या व्याधीचा खरा कपटीपणा असा की ती वर्षानुवर्षे वाच्यता करीत नाही. हृदयाची भिंत जाड होत जाते, मूत्रपिंडांची चाळण निकामी होते, दृष्टिपटलावरील सूक्ष्म वाहिन्या फुटतात; आणि एके सकाळी अंगणात उभा असलेला धडधाकट माणूस कोसळला, म्हणजे गाव म्हणते, याच्या अंगावरून वारे गेले. वाऱ्यावर हा आळ शतकानुशतके राहिला. दाब मोजण्याचा दंडपट्टा रीवा-रोच्ची या इटालियन वैद्याने १८९६ साली प्रसिद्ध केला आणि कोरोत्कोव्ह या रशियन शल्यवैद्याने १९०५ साली नाडीचे ध्वनी ऐकण्याची रीत दाखविली. तोवर हा शत्रू सहजपणे मोजणे शक्य नव्हते. मोजता येऊ लागल्यावरही उपाय कोठे होता? अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १९४५ च्या एप्रिलात मेंदूतील रक्तस्रावाने गेले. पृथ्वीवरील सर्वांत सामर्थ्यवान पुरुषाचा चढता दाब त्याचे वैद्य हताशपणे टिपून घेत होते. त्यांच्या हाती विश्रांती, पथ्य आणि तत्सम दुबळ्या साधनांपलीकडे फारसे काही नव्हते.

आणि तरीही एक उपाय सह्याद्रीच्या ओलसर रानात उगवत होता. सर्पगंधा, जिला मराठीत अडकई असेही म्हणतात, हे हात-दीड हात उंचीचे झुडूप. एकेका पेरावर बहुधा तीन-तीन पाने, तांबड्या देठांवर पांढरी फुले, पिकल्यावर काळपट जांभळी होणारी फळे, आणि जमिनीखाली वाकडेतिकडे, वासहीन, जिभेवर ठेवताच तोंड कडूजहर करणारे मूळ. युरोपियनांनी तिला सोळाव्या शतकातील राउवोल्फ या जर्मन वैद्याचे नाव दिले, जो हिंदुस्थानात कधी आलाच नाही. मुंबई सरकारच्या औषधभांडाराचा अधिकारी विल्यम डायमॉक याने १८९० नंतर सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या औषधीग्रंथात एक मोलाची नोंद करून ठेवली आहे: दक्षिण कोकणातून मुंबईस येणारे बहुतेक मजूर या मुळाचा थोडा साठा जवळ बाळगतात, आणि पोटातील कळांवर ते गुणकारी मानतात.

पोटातील कळांवर! रक्तदाबावर नव्हे. आपल्या पूर्वजांना सर्व काही ज्ञात होते असे छाती फुगवून सांगणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. आणि गावठी औषधे म्हणजे निव्वळ अडाणीपणा असे मानणाऱ्यांनीही वाचावे. मूळ लोकांच्या हाती होते; त्याचा हा गुण मात्र त्यांच्या नजरेआड राहिला, कारण जो रोग दिसतच नव्हता त्यावर उतारा कोण शोधणार? तो धागा कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली पकडला. उन्माद आणि रक्तदाब या दोहोंवर या मुळीचा उपयोग होतो, असे त्यांनी लिहिले. तरीही जगाचे कान उघडण्यास आणखी अठरा वर्षे लागली.

ते काम मुंबईत झाले. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी ५० रुग्णांवर सर्पगंधेचा प्रयोग करून त्याचे निष्कर्ष १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. हे रुग्णालय परळला, ऐन गिरणगावात आहे. भोवतालच्या चाळींत दक्षिण कोकणातून बोटीने आलेला चाकरमानी राहत होता. डायमॉकने ज्यांच्याविषयी लिहिले त्यांचीच ही पुढची पिढी, आणि त्यांच्यापैकी कोणाच्या ट्रंकेत तीच मुळी पुरचुंडीत बांधलेली असणे मुळीच अशक्य नव्हते. १९५२ साली बाझेलच्या सीबा कंपनीतील रसायनज्ञांनी मुळीतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले, आणि १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. रिसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांशी साठविलेली, वाहिन्या आवळणारी द्रव्ये रिकामी करून टाकते, त्यामुळे दाब उतरतो. पण तोच साठा मेंदूतूनही ओसरतो, आणि अनेक रुग्ण खिन्नतेने ग्रासले, अशा नोंदी होऊ लागल्या. नवी औषधे आल्यावर वैद्यांनी ते हळूहळू बाजूस सारले.

तोपर्यंत रानाचे व्हावयाचे ते नुकसान झाले होते. या झाडाचे औषध मुळात असल्याने ते मिळवणे म्हणजे झाड उपटणेच. परदेशांतून मागणी येताच देशभरच्या जंगलांतून पोती भरभरून मुळ्या गेल्या. १९९० पासून सर्पगंधेचा आंतरराष्ट्रीय व्यापार करारान्वये नियंत्रित आहे आणि तिची लागवडही होते. शिरोड्याचे मीठ घाट चढून देशावर जाण्याचे मात्र त्याच्या कितीतरी आधी मंदावले होते: गोव्यातून मुरगावची आगगाडी देशाला जोडली गेली, वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला, आणि पारपोलीच्या वळणांवर बैलांऐवजी सहलीच्या मोटारी दिसू लागल्या.