3 ऑक्टोबरची हेरिंग: ज्या शहराने स्वतःसाठी पूर मागवला

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं पडतं, त्यांच्यासाठी हा भाग इथे लिहून देतोय. बोलताना झालेले 'अं', 'म्हणजे' तेवढे काढलेत, बाकी सगळं तेच आहे.

ऑक्टोबर आला की इन्स्टावर युरोपच्या पिवळ्या-लाल झाडांचे रील्स सुरू होतात. आणि मला हमखास मेसेज येतो, "दादा, ऑक्टोबरमध्ये युरोपला जायचं तर कुठे?" बहुतेकांना उत्तर आधीच माहीत असतं. म्युनिक, ऑक्टोबरफेस्ट. तो चांगलाच आहे, 1810 साली एका राजघराण्यातल्या लग्नापासून सुरू झालेला उत्सव आहे. पण मला विचाराल तर मी म्हणेन, 3 ऑक्टोबरला नेदरलँड्समधल्या लायडनला जा. तिथे त्या दिवशी अख्खं गाव रस्त्यावर येऊन हेरिंग मासा आणि पांढरा पाव खातं. हे दोनच पदार्थ का, याची गोष्ट आजच्या भागात.

मी तिथे गेलो तो योगायोगाने. इंजिनिअरिंगचा माझा रूममेट हेगला नोकरीला आहे, त्याच्याकडे उतरलो होतो. तो म्हणाला, "उद्या लायडनला चल, पण सकाळी लवकर ऊठ." सात वाजता आम्ही टाऊन हॉलसमोर. थंडी, अंधार, बँड, आणि शेकडो लोक मोठमोठ्याने गाणी म्हणतायत. मग जुन्या वजनघरापाशी रांग. त्याला तिथे 'द वाग' म्हणतात, पूर्वी बाजारातला माल तिथे तोलला जायचा. तिथे हेरिंग आणि पाव फुकट वाटतात. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीची लांबची नातेवाईक, मिठात मुरवलेली. माझं आजोळ वेंगुर्ल्याचं, त्यामुळे माशाची भीती नाही. पण सकाळी सकाळी न शिजवलेला मासा? खाल्ला बुवा. दुसरा मात्र मागितला नाही.

आता मागे जाऊया. साल 1574. शिवराज्याभिषेकाच्या बरोबर 100 वर्षं आधी.

तेव्हा नेदरलँड्स नावाचा स्वतंत्र देश नव्हता. हा सगळा मुलूख स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या ताब्यात. राजा कट्टर कॅथलिक, इथे प्रोटेस्टंट पंथ पसरत चाललेला. त्यात नवे कर आणि शहरांच्या जुन्या हक्कांवर गदा. 1568 पासून बंड सुरू झालं. बंडाचा नेता होता ऑरेंजचा विल्यम. हे युद्ध पुढे 1648 पर्यंत चाललं, म्हणून त्याला ऐंशी वर्षांचं युद्ध म्हणतात.

1573 मध्ये लायडनच्या जवळचं हार्लेम हे शहर सात महिन्यांच्या वेढ्यानंतर शरण गेलं. स्पॅनिश सैन्याने तिथल्या शिबंदीची मोठ्या प्रमाणावर कत्तल केली. ही बातमी लायडनला पोचली होती. त्यामुळे पुढे जेव्हा लायडनला निरोप आला की शरण या, माफी मिळेल, तेव्हा लोकांच्या डोळ्यांसमोर काय असेल याचा अंदाज करा.

लायडनला वेढा दोनदा पडला. पहिला ऑक्टोबर 1573 मध्ये. मार्च 1574 मध्ये स्पॅनिश फौज दुसरीकडे लढायला गेली आणि वेढा उठला. लोकांनी सुटकेचा नि:श्वास सोडला. आणि इथे एक चूक झाली. शहराने धान्याची कोठारं पुन्हा भरली नाहीत. शत्रूच्या मोकळ्या पडलेल्या मोर्च्यांची नीट पाडापाडीही केली नाही. आमच्या क्षेत्रात सर्व्हर एकदा पडून परत उभा राहिला की सगळे चहाला जातात आणि बॅकअपचं काम 'सोमवारी बघू' म्हणून राहतं, अगदी तसं. 26 मे 1574 ला सेनापती व्हाल्देझ फौज घेऊन परत आला. त्याने तोफा डागल्या नाहीत. शहराभोवती लहान लहान गढ्यांची साखळी उभी केली आणि थांबून राहिला. उपासमारच काम करेल, हा त्याचा हिशोब होता.

हिशोब बरोबर होता. ऑगस्टपर्यंत पाव संपत आला. मग घोडे, कुत्री, मांजरं, झाडांची पानं. त्यात प्लेग आला. नाण्यांसाठी धातू पुरेना, तेव्हा शहराने कागदाची नाणी पाडली. जुन्या धार्मिक पुस्तकांची पानं एकावर एक चिकटवायची आणि त्यावर ठसा मारायचा. युरोपातल्या अगदी सुरुवातीच्या कागदी पैशांमध्ये ही नाणी गणली जातात. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलं होतं की हे स्वातंत्र्यासाठी आहे.

बाहेरच्या जगाशी संपर्क कसा? कबुतरं! शहरातल्या काही भावांची पाळीव कबुतरं चिठ्ठ्या आणायची. त्या घराण्याला पुढे आडनावच मिळालं 'फान डाउफनबोडे'. डाउफनबोडे म्हणजे कबुतरी जासूद.

या कबुतरांच्या पायाला बांधून आलेला निरोप काय होता? थोडा धीर धरा, आम्ही पाणी आणतोय.

बांध फोडायचा निर्णय

इथे जरा थांबूया, कारण गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच आहे.

कोकण-गोव्याच्या लोकांना हे पटकन कळेल. खाडीकाठी आपल्याकडे खारजमिनी असतात. भरतीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध घालतात आणि पिढ्यानपिढ्या ते सांभाळतात. माझ्या आजोबांकडून ऐकलंय, बांधाला भगदाड पडलं की रात्री-बेरात्री गावातली सगळी माणसं धावायची. दक्षिण हॉलंडचा बराचसा प्रदेश म्हणजे अशीच जमीन, फक्त खूप मोठ्या प्रमाणावर. पाणी उपसून, बांध घालून मिळवलेली. तिथल्या शेतकऱ्याच्या आयुष्यात बांध राखण्यापेक्षा मोठं काम नाही.

आणि विल्यमने मांडलेली योजना अशी की हे बांध आपणच फोडायचे. रॉटरडॅमच्या बाजूला नद्यांचे बांध फोडून पाणी आत घ्यायचं, लायडनपर्यंतचा मुलूख बुडवायचा आणि त्या पाण्यावरून होड्या घेऊन शहरात शिरायचं. हॉलंडच्या प्रतिनिधी सभेने जुलैअखेर याला मंजुरी दिली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की जमीन हातची जाण्यापेक्षा नासलेली परवडली. ऑगस्टच्या सुरुवातीला बांध फोडले.

जमीन कुणाची नासली? निर्णय घेणाऱ्या सभेतल्या सगळ्यांची नाही. ऑगस्ट महिना, शेतं उभी, गायी कुरणात. रॉटरडॅम ते लायडन मधल्या गावांतल्या शेतकऱ्यांना एक दिवस समजलं की शत्रूने नाही, आपल्याच माणसांनी पाणी सोडलंय.

आणि गंमत म्हणजे पाणी आलंच नाही. म्हणजे आलं, पण पसरलं. सपाट मुलूख, त्यामुळे पाणी रुंद आणि उथळ. मधे आडवे आणखी बांध. लुई द ब्वाझो या दर्यासारंगाच्या हाताखाली सुमारे 200 सपाट बुडाच्या होड्या तयार होत्या. त्यावर तोफा, धान्य आणि समुद्रावरचे बंडखोर. या बंडखोरांना लोक 'भिकारी' म्हणायचे. शत्रूने दिलेली शिवी त्यांनीच अभिमानाने नाव म्हणून घेतली होती. सप्टेंबरमध्ये त्यांनी एकेक आडवा बांध लढून जिंकला आणि फोडला. पण वारा पूर्वेचा, तो पाणी परत समुद्राकडे ढकलत होता. होड्या चिखलात रुतून बसल्या. लायडनच्या तटावरून म्हणे त्या दिसत होत्या, पण पोचत नव्हत्या.

याच दिवसांतली एक प्रसिद्ध कथा आहे. भुकेलेला जमाव महापौर पीटर फान डेर वेर्फ याच्यावर चालून गेला, शरण जा म्हणून. तो म्हणाला, हवं तर माझा हात कापून खा, पण शहर देणार नाही. यावर मोठमोठी चित्रं काढली गेली, त्याच्या नावाची बाग आणि पुतळाही शहरात आहे. पण हा प्रसंग खरंच असाच घडला का, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. मला स्वतःला त्या जमावाबद्दल जास्त वाटतं. त्यांच्या पोरांच्या पोटात अन्न नव्हतं. त्यांचा पुतळा नाही.

वारा फिरला

सप्टेंबरअखेर शरद ऋतूतली वादळं सुरू झाली आणि वारा पश्चिमेचा झाला. समुद्राचं पाणी नद्यांमध्ये चढलं, फुटलेल्या बांधांतून आत घुसलं आणि दोन दिवसांत होड्या तरंगू लागल्या. हा उत्सव ऑक्टोबरमध्ये येतो तो पिवळ्या पानांमुळे नाही, या वाऱ्यामुळे.

2 ऑक्टोबरच्या रात्री शहराच्या तटाचा एक मोठा भाग धाडकन कोसळला. आत लोकांना वाटलं, संपलं. पण लामेनस्खान्स नावाच्या गढीतले स्पॅनिश सैनिक त्याच रात्री निघून गेले होते. चहूबाजूंनी चढणारं पाणी, आणि आता अंधारात हा आवाज. 3 तारखेच्या सकाळी ब्वाझोच्या होड्या कालव्यातून शहरात शिरल्या. होड्यांवरून लोकांना काय वाटलं? हेरिंग आणि पांढरा पाव.

आदल्या रात्रीची आणखी एक कथा आहे. एक अनाथ मुलगा, कॉर्नेलिस, त्या रिकाम्या गढीत शिरला आणि त्याला शिजवलेल्या भाज्यांचं भांडं सापडलं. म्हणून 2 ऑक्टोबरच्या संध्याकाळी लायडनमध्ये घरोघरी 'हुत्स्पॉट' करतात. बटाटा, गाजर, कांदा एकत्र कुस्करून, सोबत मांस. त्यातला बटाटा नंतरचा बरं का, 1574 मध्ये तो तिथे रोजच्या जेवणात नव्हता. ते भांडं म्हणून जे दाखवतात, ते लाकेनहाल संग्रहालयात आहे.

त्या वर्षी शहरातली सुमारे 6,000 माणसं भुकेने आणि प्लेगने गेली असं मानतात. साधारण दर तिघांतला एक.

8 फेब्रुवारी 1575 ला लायडनमध्ये विद्यापीठ सुरू झालं. शहराने करमाफी नाकारून विद्यापीठ मागितलं असं सांगतात, पण ती दंतकथाच असावी. खरी गंमत वेगळी आहे. विद्यापीठाची सनद निघाली ती दुसऱ्या फिलिपच्या नावाने! ज्याच्याविरुद्ध बंड, कायद्याने अजून राजा तोच.

आता गीक लोकांसाठी एक छोटी गोष्ट. 1574 चा 3 ऑक्टोबर जुन्या ज्युलियन कॅलेंडरचा आहे. आजच्या कॅलेंडरने तो 13 ऑक्टोबर येतो. टाइमझोनच्या बगने ज्यांची रात्र खाल्लीय, त्यांना हे कळेल.

संग्रहालयातला पडदा

दुपारी जत्रेची गर्दी वाढली तशी आम्ही बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी मी एकटाच लाकेनहालला गेलो. तिथे 16 व्या शतकाच्या शेवटी विणलेला एक प्रचंड पडदा आहे. त्यावर हा सगळा मुलूख नकाशासारखा दिसतो. गावं, चर्चचे मनोरे, होड्या आणि सगळीकडे पाणी. मी बराच वेळ त्या पाण्याकडेच बघत होतो. आदल्या दिवशी हजारो लोकांनी हेरिंग खाल्ली, ती आठवण होती अन्न आलं त्याची. पण ते अन्न ज्या पाण्यावरून आलं, त्याच्याखाली कुणाची तरी शेतं होती. त्यांच्यासाठी ताटात काही नाही.

उत्सव खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. सहा हजार माणसं गेल्यावर उरलेल्यांनी पावाच्या तुकड्याला सण मानलं, यापेक्षा खरं काय असणार? पण कुठलाही सण बघताना मी आता एक प्रश्न विचारतो, यात किंमत कुणी भरली आणि त्याचं नाव कुठे आहे?

आणि मग मला वेंगुर्लं आठवलं. तिथे डच वखार आहे, पडकी. लहानपणी आम्ही तिथे खेळायला जायचो. नाण्यांवर 'स्वातंत्र्यासाठी' असं छापणाऱ्या या लोकांचंच पुढे प्रजासत्ताक झालं, 1602 मध्ये त्यांची व्यापारी कंपनी निघाली आणि 1637 मध्ये, वेढ्यानंतर 63 वर्षांनी, आदिलशाहीच्या परवानगीने ती वेंगुर्ल्याला आली. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करायला ते बंदर सोयीचं होतं. त्याआधी 1621 मध्ये याच कंपनीने जायफळासाठी बांदा बेटांवरची जवळजवळ सगळी वस्ती संपवली होती. मारून, उपाशी ठेवून, गुलाम करून. उपासमार म्हणजे काय हे ज्यांच्या आजोबांना माहीत होतं, त्यांनी हे केलं. लायडनहून आल्यावर मी आजीला विचारलं, वखारीबद्दल तुला काय माहीत आहे? ती म्हणाली, "वलंदेजांची ती. आमका कोणी काय सांगूक नाय."

जाणार असाल तर प्रॅक्टिकल माहिती: ॲमस्टरडॅमहून रेल्वेने लायडन साधारण 35-40 मिनिटांवर आहे. 3 तारीख रविवारी आली तर उत्सव 4 ला होतो. राहायची जागा खूप आधी बुक करा, जाड जॅकेट घ्या आणि गर्दीतून वेळ काढून तो पडदा नक्की बघा.

तुमच्या गावच्या एखाद्या सणामागे अशी विसरलेली माणसं असतील तर मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोवर, काळजी घ्या!