अमेरिकेतील परिचारिकांच्या कामगार संघटना

अमेरिकेतील परिचारिकांच्या कामगार संघटना म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नोंदणीकृत परिचारिकांच्या वतीने वेतन, कामाचे तास, रुग्णसंख्या व सेवाशर्ती यांविषयी रुग्णालयांशी सामूहिक वाटाघाटी करणाऱ्या संघटना होत. परिचर्या हा स्वतंत्र व्यवसाय मानावा की परिचारिकेला रुग्णालयातील कामगार समजावे, हा या क्षेत्रातील जुना वाद आहे. परिचारिकांनी कामगार संघटनेत जावे की नाही, गेल्यास केवळ परिचारिकांच्या संघटनेत जावे की सर्व रुग्णालयीन कर्मचाऱ्यांच्या, या प्रश्नांची मुळे त्याच वादात आहेत. इ.स. २००८ ते २०१३ या काळात संघटनांमधील स्पर्धा सर्वाधिक तीव्र झाली होती.

इतिहास

व्यावसायिक संस्था ते कामगार संघटना

परिचारिकांची राष्ट्रीय पातळीवरील संस्था इ.स. १८९६ मध्ये स्थापन झाली. इ.स. १९११ पासून ती 'अमेरिकन नर्सेस असोसिएशन' या नावाने ओळखली जाते. शिक्षण, नोंदणी व व्यावसायिक दर्जा ही तिची मुख्य कार्यक्षेत्रे होती. रुग्णालयांतील परिचर्या अधीक्षक व खाटेजवळ काम करणाऱ्या परिचारिका या दोघीही तिच्या सदस्य असत. इ.स. १९४६ मध्ये संस्थेने आपल्या राज्यशाखांनी सामूहिक वाटाघाटी कराव्यात असे धोरण स्वीकारले. मात्र इ.स. १९५० मध्ये तिने संप न करण्याचे धोरण जाहीर केले आणि ते इ.स. १९६८ पर्यंत कायम राहिले.

कायद्याची स्थितीही प्रतिकूल होती. इ.स. १९३५ च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याने संघटित होण्याच्या हक्काला संरक्षण दिले, परंतु इ.स. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने ना-नफा रुग्णालयांना त्यातून वगळले. इ.स. १९७४ च्या दुरुस्तीने ही रुग्णालये पुन्हा कायद्याच्या कक्षेत आली. त्याच दुरुस्तीने आरोग्यसंस्थेत संप करण्यापूर्वी किमान १० दिवसांची लेखी सूचना देणे बंधनकारक केले.

कॅलिफोर्नियातील फूट

'कॅलिफोर्निया नर्सेस असोसिएशन' ही मूळ संस्थेची राज्यशाखा होती. व्यवस्थापनातील परिचारिकांचे वर्चस्व आणि रुग्णालयांच्या पुनर्रचनेत होणारी कर्मचारीकपात यांवरून मतभेद वाढून ती इ.स. १९९५ मध्ये मूळ संस्थेतून बाहेर पडली. मॅसॅच्युसेट्सची शाखा इ.स. २००१ मध्ये वेगळी झाली. मूळ संस्थेने इ.स. १९९९ मध्ये वाटाघाटींच्या कामासाठी 'युनायटेड अमेरिकन नर्सेस' ही शाखा स्थापन केली होती. पुढे तीही स्वतंत्र झाली.

कॅलिफोर्नियातील संघटनेचा सर्वांत मोठा विजय म्हणजे परिचारिका-रुग्ण प्रमाणाचा कायदा होय. तो इ.स. १९९९ मध्ये मंजूर झाला आणि १ जानेवारी २००४ पासून अमलात आला. अतिदक्षता विभागात एका परिचारिकेकडे जास्तीत जास्त दोन, तर आपत्कालीन विभागात चार रुग्ण अशी मर्यादा घालण्यात आली. सामान्य वैद्यकीय व शस्त्रक्रिया कक्षांसाठी ही मर्यादा प्रथम सहा होती व पुढे ती पाचवर येणार होती. राज्यपाल अरनॉल्ड श्वार्झनेगर यांनी इ.स. २००४ च्या अखेरीस हा दुसरा टप्पा स्थगित केला. संघटनेने त्याविरुद्ध निदर्शने केली व न्यायालयात दाद मागितली. इ.स. २००५ मध्ये न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय दिला. असे प्रमाण कायद्याने सर्व रुग्णालयांना लागू करणारे कॅलिफोर्निया हे पहिले राज्य ठरले.

कायदेशीर चौकट

अमेरिकेत कर्मचाऱ्यांच्या एका गटाचे प्रतिनिधित्व एका वेळी एकच संघटना करू शकते. गटातील किमान ३० टक्के कर्मचाऱ्यांचा पाठिंबा दाखवल्यास राष्ट्रीय कामगार संबंध मंडळ गुप्त मतदान घेते. झालेल्या मतदानात बहुमत मिळवणारी संघटना मतदान न केलेल्यांची व विरोधात मत दिलेल्यांचीही प्रतिनिधी ठरते. वैध मतदानानंतर १२ महिने त्या गटात पुन्हा मतदान होत नाही. वेतनकरार झाल्यास जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत प्रतिस्पर्धी संघटनेला आव्हान देता येत नाही. आरोग्यसंस्थांमध्ये करार संपण्यापूर्वीच्या १२० ते ९० दिवसांच्या कालावधीतच अशी मागणी करता येते. त्यामुळे संघटनांमधील स्पर्धेत पराभूत पक्षाच्या हाती काही उरत नाही.

मंडळाने इ.स. १९८९ च्या नियमान्वये तीव्र उपचार देणाऱ्या रुग्णालयांत नोंदणीकृत परिचारिकांचा स्वतंत्र गट मान्य केला. हा नियम सर्वोच्च न्यायालयाने इ.स. १९९१ मध्ये वैध ठरवला. केवळ परिचारिकांच्या संघटनांना त्यामुळे बळ मिळाले. दुसरीकडे, पर्यवेक्षकांना हा कायदा लागू नसल्याने इतरांना काम नेमून देणारी प्रभारी परिचारिका पर्यवेक्षक ठरते का, हा प्रश्न वारंवार निर्माण झाला. इ.स. २००६ मध्ये ओकवुड हेल्थकेअर प्रकरणात मंडळाने कायमस्वरूपी प्रभारी असलेल्या काही परिचारिकांना पर्यवेक्षक ठरवले.

संघटनांमधील स्पर्धा

ओहायो, इ.स. २००८

'सर्व्हिस एम्प्लॉईज इंटरनॅशनल युनियन' अर्थात एसईआययू ही सेवाक्षेत्रातील मोठी संघटना परिचारिकांबरोबरच तंत्रज्ञ, सहायक व सफाई कर्मचाऱ्यांनाही संघटित करते. एसईआययू इ.स. २००५ मध्ये एएफएल-सीआयओ या कामगार महासंघातून बाहेर पडली, तर कॅलिफोर्नियातील परिचारिका संघटना इ.स. २००७ मध्ये त्यात दाखल झाली. महासंघाच्या घटक संघटनांना परस्परांचे सदस्य फोडण्यास त्याच्या घटनेने मनाई आहे. या दोन संघटनांमध्ये मात्र असे समान बंधन उरले नव्हते.

इ.स. २००८ च्या मार्च महिन्यात ओहायोतील एका कॅथलिक रुग्णालयसमूहाच्या नऊ रुग्णालयांत सुमारे ८,००० कर्मचाऱ्यांचे मतदान होणार होते. व्यवस्थापनाने तटस्थ राहावे यासाठी एसईआययूने अनेक वर्षे प्रयत्न केले होते. मतदानाची मागणी व्यवस्थापनानेच मंडळाकडे केली होती. कॅलिफोर्नियातील संघटनेने या व्यवस्थेला मालकाशी केलेले संगनमत म्हटले आणि आपले कार्यकर्ते पाठवून विरोधात पत्रके वाटली. त्यानंतर मतदान रद्द झाले. मालकाला कमकुवत करणारी तटस्थता मिळवणे हे यश असल्याचे एसईआययूचे म्हणणे होते, तर कर्मचाऱ्यांच्या सहभागाशिवाय ठरलेली निवडणूक लोकशाहीविरोधी असल्याचे प्रतिपक्षाचे म्हणणे होते. त्या वेळी तेथील परिचारिकांना मात्र दोहोंपैकी कोणत्याही संघटनेचे प्रतिनिधित्व मिळाले नाही. एप्रिल २००८ मध्ये मिशिगनमधील डिअरबॉर्न येथे भरलेल्या कामगार परिषदेच्या ठिकाणी या वादातून झटापटही झाली.

समझोता

मार्च २००९ मध्ये दोन्ही संघटनांनी एकमेकांचे सदस्य न फोडण्याचा समझोता केला. नोंदणीकृत परिचारिकांच्या संघटनात कॅलिफोर्नियातील संघटनेने व इतर कर्मचाऱ्यांच्या संघटनात एसईआययूने पुढाकार घ्यावा असे ठरले. डिसेंबर २००९ मध्ये कॅलिफोर्निया व मॅसॅच्युसेट्सच्या संघटना आणि युनायटेड अमेरिकन नर्सेस यांनी मिळून 'नॅशनल नर्सेस युनायटेड' ही सुमारे १,५०,००० सदस्यांची संघटना स्थापन केली.

कैसर रुग्णालये

जानेवारी २००९ मध्ये एसईआययूने आपल्या कॅलिफोर्नियातील आरोग्य कर्मचारी शाखेचा कारभार केंद्रीय नियंत्रणाखाली आणला. पदच्युत नेत्यांनी 'नॅशनल युनियन ऑफ हेल्थकेअर वर्कर्स' ही वेगळी संघटना काढली. कैसर परमनंटे या आरोग्यसंस्थेतील सुमारे ४३,००० कर्मचाऱ्यांच्या इ.स. २०१० च्या मतदानात एसईआययू विजयी झाली. ते मतदान रद्द ठरून इ.स. २०१३ मध्ये फेरमतदान झाले. तत्पूर्वी कॅलिफोर्नियातील परिचारिका संघटनेने नव्या संघटनेशी संलग्नता केल्याने जुना वाद पुन्हा उफाळला, परंतु फेरमतदानातही एसईआययूच विजयी झाली.

परिचारिकांमधील मतभेद

संघटनेच्या समर्थक परिचारिकांच्या मते, एकट्या परिचारिकेने असुरक्षित रुग्णसंख्येबाबत तक्रार केल्यास तिच्यावर सूड उगवला जाऊ शकतो. लेखी करार व तक्रारनिवारणाची पद्धत तिला संरक्षण देते. विरोधकांच्या मते वर्गणीच्या प्रमाणात लाभ मिळत नाही, ज्येष्ठतेच्या नियमांमुळे गुणवत्तेला वाव राहत नाही आणि संपामुळे रुग्णांशी असलेली बांधिलकी मोडते.

संघटनेचा पुरस्कार करणाऱ्यांतही एकमत नाही. केवळ परिचारिकांची संघटना हवी असणाऱ्या गटाला परवाना, वैद्यकीय निर्णय व रुग्णप्रमाण हे विषय मिश्र संघटनेत दुय्यम ठरतील अशी भीती वाटते. मिश्र संघटनेचे समर्थक मात्र संपकाळात परिचारिका एकट्या पडतात व रुग्णालयाला इतर विभाग चालू ठेवता येतात याकडे लक्ष वेधतात.

संशोधन

लिंडा एकन व सहकाऱ्यांच्या इ.स. २००२ मधील अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांबाबत प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढल्यास ३० दिवसांतील मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढत असल्याचे आढळले. मायकेल ॲश व जीन ॲन सीगो यांना इ.स. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातील संघटित परिचारिका असलेल्या रुग्णालयांत हृदयविकाराच्या झटक्याने होणारे मृत्यू ५.५ टक्क्यांनी कमी दिसले. याउलट, जोनाथन ग्रुबर व सॅम्युअल क्लायनर यांनी न्यूयॉर्क राज्यातील इ.स. १९८४ ते २००४ मधील संपांचा अभ्यास केला. संपकाळात दाखल झालेल्या रुग्णांमधील मृत्यूंचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यांना आढळले. त्यामुळे दोन्ही बाजू रुग्णांच्या सुरक्षिततेचाच आधार घेऊन परस्परविरोधी निष्कर्ष मांडतात.

नंतरच्या घडामोडी

जानेवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्क शहरातील दोन मोठ्या रुग्णालयांतील सुमारे ७,००० परिचारिकांनी तीन दिवस संप केला. परिचारिकांची अपुरी संख्या हा त्यातील मुख्य मुद्दा होता. ठरलेली संख्या न पाळल्यास कारवाई करता येईल अशी तरतूद करारात मान्य झाल्यावर संप मिटला. संप करणारी न्यूयॉर्कची परिचारिका संघटना इ.स. २०२२ मध्ये नॅशनल नर्सेस युनायटेडशी संलग्न झाली होती.

हे सुद्धा पहा

परिचर्या
कामगार संघटना
सामूहिक वाटाघाटी
संप