मारबतीच्या हवाली केलेला ढेकूण

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळ्या मारबतीची परंपरा 1881 पासूनची आणि जागनाथ बुधवारीतल्या तऱ्हाणे तेली समाजाच्या पिवळ्या मारबतीची 1885 पासूनची मानली जाते. नागपूरच्या भोसले राजघराण्यातल्या बाकाबाई इंग्रजांना सामील झाल्या, त्या रागातून काळी मारबत जन्माला आली, असं शहरात सांगतात. सोबतचे बडगे नावाचे पुतळे त्या-त्या वर्षीच्या महागाईवर, भ्रष्टाचारावर बोलतात आणि वर्तमानपत्रांत छायाचित्रं छापून येतात तीही बहुतेक त्यांचीच. या गदारोळात एक जुनी घरगुती मागणी मात्र मागे पडली आहे. विदर्भातल्या गावोगावच्या आरोळ्यांत इडापिडा आणि रोगराईच्या जोडीला मारबतीनं न्यायचे म्हणून डासांचं आणि ढेकणांचंही नाव घेतलं जातं.

पूर्व विदर्भात कुठे मारबतीला नारबोदही म्हणतात. पोळ्याला दाराशी लावलेल्या पळसाच्या डहाळ्या दुसऱ्या दिवशी पहाटेच उपटायच्या, आरोळ्या ठोकत शिवेबाहेर नेऊन टाकायच्या. काम पोरांचं, पण सुटका साऱ्या गावाची.

ढेकणाला घालवायला हाच दिवस का, याचं उत्तर ऋतूत शोधावं लागतं. उन्हाळ्यात नागपूरकर अंगणात, गच्चीवर झोपत. बाजा दिवसभर बाहेर तापत आणि मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की त्यांच्या सांध्यांत दडलेल्या किड्याला तिथं टिकणं कठीण होई. मृग लागला की बाजा आत. पुढचे दोन-अडीच महिने ऊन नाही, दमट हवा, आणि सारं कुटुंब एका छपराखाली. ढेकणाची वाढ 28 ते 32 अंशांच्या ऊबेत झपाट्यानं होते. अंडं आठवड्या-दीड आठवड्यात फुटतं आणि एक मादी आयुष्यात शंभराहून जास्त अंडी घालू शकते. श्रावण अमावास्येपर्यंत, म्हणजे पोळ्यापर्यंत, घरात त्यांची पलटण उभी राहते. मारबतीची आरोळी तेव्हा नेमक्या वेळी उठत असे.

मात्र आरोळीवर विसंबून कुणीच राहिलं नाही. बाजेचे चार खूर, त्यांच्या भोकांत बसवलेले गात आणि त्यावर विणलेली सुतळी किंवा नवार: ढेकणाचा मुक्काम याच सांध्यांत. म्हणून उघडीप मिळाली की बाज अंगणात आडवी करायची, खूर दगडावर आपटायचे, बाहेर पडलेले चपलेखाली चिरडायचे आणि सांध्यांत आधणाचं पाणी ओतायचं. फारच झाले तर सारी सुतळी उसवून पाण्यात उकळायची. रॉकेलचा बोळाही फिरे. त्यात आगीचा धोका होता. उकळतं पाणी मात्र अंड्यांनाही मारतं, आणि हा उपाय आजच्या शास्त्रालाही मान्य आहे.

शहर वाढलं तसा ढेकूणही पसरला असणार. 1867 साली नागपूरला रेल्वे पोचली, 1877 च्या पहिल्या दिवशी एम्प्रेस मिल सुरू झाली. माणसं वळकटी घेऊन आली आणि ढेकणाला पंख नसले तरी वळकटी पुरते. त्यानंतर काही दशकांनी त्याच्यावर मोठा संशयही आला. 1907 मध्ये मद्रासकडे डब्ल्यू. एस. पॅटन यांनी काळा आजार ढेकणामुळे पसरत असावा असं मांडलं. पुढे 1942 मध्ये दोष वाळूमाशीचा असल्याचं सिद्ध झालं. ढेकूण माणसांत रोग पसरवतो याचा भक्कम पुरावा आजही नाही. पण झोप उडते, खाजवून जखमा होतात, आणि ‘यांच्याकडे ढेकूण आहेत’ या शब्दांनी माणसं मान खाली घालतात, हे दुःख खरं आहे.

मग डीडीटी आलं. 1953 मध्ये देशभर हिवतापाविरुद्ध मोहीम सुरू झाली आणि घरोघर भिंतींवर फवारे मारले गेले. डासांसोबत ढेकूणही मेले म्हणून लोकांना फवारणी हवीशी वाटे. पण 1947 मध्येच हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बरच्या बराकींत डीडीटीला न बधणारे ढेकूण सापडले होते. पुढे अनेक देशांत तेच घडलं. आपल्याकडे मग टिक-20 नावाचं कीटकनाशक घरात शिरलं. हे जहर ढेकणांसाठी आणलेलं, पण ते पिऊन माणसं दगावल्याच्या बातम्यांनी त्याचं नाव सर्वांना माहीत झालं. आजच्या पायरेथ्रॉइड औषधांनाही ढेकूण दाद देईनासे झाले आहेत. नव्या विषावर भिस्त ठेवण्याची चूक आपण पुन्हा पुन्हा केली आहे.

आता बाज गेली, पेटीचा पलंग आला. तो उन्हात काढायचा म्हणजे चार माणसं लागतात. वसतिगृहं, भाड्याच्या खोल्या, जुनं फर्निचर आणि रेल्वेचा प्रवास यांतून ढेकूण पुन्हा घरी येतो. ओळखायचा कसा? गादीच्या शिवणीवर आणि पलंगाच्या फटींत शाईच्या टिपक्यांसारखे काळे डाग, पिवळट पातळ कात, मिलिमीटरभर पांढरी अंडी, उशीवर रक्ताचा ठिपका. चावे बरेचदा एका ओळीत असतात, पण नुसत्या चाव्यांवरून ठरवू नये. रात्री अचानक दिवा लावून बॅटरीनं शिवणी पाहाव्यात.

सापडला तर अंथरूण-पांघरूण 60 अंशांच्या पाण्यात धुवावं, पलंगाचे सांधे खोलून त्यांवर वाफ द्यावी, भिंतीच्या भेगा बुजवाव्यात आणि दहा-बारा दिवसांनी हे सगळं पुन्हा करावं, कारण राहिलेली अंडी तोवर फुटतात. चाळीत किंवा वसतिगृहात एकच खोली साफ करून भागत नाही. शेजाऱ्यांशी संकोच न करता बोलावं आणि सर्वांनी एकाच दिवशी काम काढावं. धान्यात ठेवायच्या सल्फासच्या गोळ्या मात्र ढेकणांसाठी कुणीही खोलीत ठेवू नयेत. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू झोपलेल्या माणसांचे जीव घेतो.