दहा पूर्णांक नऊची कुळकथा

दहा मीटर एअर रायफलच्या निशाणावर ‘दहा’ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. छर्रा 4.5 मिलिमीटर जाडीचा. त्याची कड ठिपक्याला नुसती टेकली तरी दहा गुण. म्हणजे छर्रा मध्यापासून अडीच मिलिमीटर सरकला तरी दहा आणि बरोबर मधोमध बसला तरी दहाच. नेमबाजीत गुणांचा दशांश आला तो हा फरक मोजायला. या अडीच मिलिमीटरांचे दहा भाग पाडले, पाव मिलिमीटरला एक दशांश धरला. सर्वांत आतला तो 10.9.

त्याआधी सगळा कारभार कागदावर. एका निशाणावर एकच गोळी, प्रत्येक कार्डाला नंबर. फेरी संपली की गठ्ठा पंचांच्या टेबलावर. भोक रेषेला शिवलंय की नाही, अशी शंका आली की त्यात मापाचा गेज घालायचा आणि त्याच्या वरच्या गोल कडेवर भिंग धरायचं. एक पंच म्हणणार शिवलं, दुसरा म्हणणार नाही; तिसऱ्याचं मत घेऊन आकडा रजिस्टरात चढायचा. आमच्या वऱ्हाडात रिद्धपूरला म्हाइंभटाने लीळाचरित्रासाठी आठवणी जमवल्या, त्या ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना गाठून आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेऊन. कार्डांच्या काळातला स्कोअरही तशीच साक्ष होती. पाहणारा भरवशाचा, तर आकडा भरवशाचा.

पण पूर्ण दहाच्या हिशेबाची अडचण वेगळीच होती. नेमबाज सुधारत गेले, रायफली सुधारल्या आणि वरच्या पायरीवर सगळ्यांचे गुण सारखे येऊ लागले. 1986 पासून आठ जणांची वेगळी अंतिम फेरी सुरू झाली आणि तिच्यात दशांश मोजू लागले; 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये तो दिसला. 1989 मध्ये निशाणंही लहान केली. हा दशांश माणसाच्या डोळ्याला झेपणारा नव्हताच. इलेक्ट्रॉनिक निशाणाने तो आवाक्यात आणला: यातल्या काहींच्या चौकटीत मायक्रोफोन बसवलेले असतात, छर्रा आरपार जाताना होणारा आवाज प्रत्येकापर्यंत किती वेळाने पोचला, यावरून जागा काढतात. नेमबाजाच्या शेजारच्या पडद्यावर आकडा लगेच उमटतो. भिंग आणि त्यावरची वादावादी बहुतेक संपली.

बीजिंग ऑलिंपिकमध्ये 2008 साली अभिनव बिंद्रा पात्रता फेरीत 596 गुणांनी चौथा होता. अंतिम फेरीतल्या शेवटच्या गोळीआधी फिनलंडचा हेन्री हाक्किनेन त्याच्या बरोबरीत होता. बिंद्राने 10.8 मारला, हाक्किनेनचा 9.7 गेला आणि याच गोळीवर निकाल लागला.

तोवर दशांश अंतिम फेरीपुरता होता, आणि तिथेच राहिला असता तर नोंदवह्यांचं फारसं बिघडलं नसतं. 2013 मध्ये एअर रायफलच्या पात्रता फेरीतही तो आला. आता एअर रायफल नेमबाज सुमा शिरूर यांचं पाहा. 2004 मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी पात्रता फेरीत 400 पैकी 400 केले, विश्वविक्रमाशी बरोबरी. याहून जास्त होणंच शक्य नव्हतं. 2013 नंतर त्याच चाळीस गोळ्यांचं कमाल माप 436 झालं आणि 2018 पासून स्त्रियांनाही साठ गोळ्या आल्यावर 654. ते 400 कुणी मोडलं नाही, मोजायची पट्टीच बदलली. जुन्या यादीतला हा आकडा नव्या यादीशेजारी ठेवायचा कसा, हे कोणत्याही संगणकाला सांगता येणार नाही. माझ्या मते तो वेगळ्याच पानावर, ठळक अक्षरांत राहावा.

काही प्रकारांत तर दोन्ही पट्ट्या एकाच वेळी चालतात. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 साली कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे पन्नास मीटर थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत 590 वर सातवा आला. हे पूर्णांकात. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत 451.4 करून त्याने कांस्य घेतलं. हे दशांशात.

आणि प्रतवारी? तीही आता दशांशावर चालते. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोला विश्वविजेता झाला, पॅरिससाठी देशाला जागा मिळवून दिली. पण ती जागा देशाची असते, खेळाडूची नव्हे. 2024 च्या निवड चाचण्यांत सरासरी काढली गेली, त्यात तो मागे राहिला आणि घरी थांबला. नियमाच्या दृष्टीने यात काही चूक नाही. तरी विश्वविजेत्याला सरासरीच्या चाळणीतून घालताना हात जरा अडखळायला हवा होता, असं मला वाटतं.

खालच्या पायऱ्यांवर किमान पात्रता गुण गाठले की पुढची स्पर्धा, असा जिना आहे. त्यावर चढणारी पुष्कळ पोरं अजून कागदावरच सराव करतात. दहा गोळ्यांत शंभर झाले की खूश. पण ते शंभर 101 आहेत की 107, हे कार्डाकडे नुसतं बघून कळत नाही, आणि राज्याच्या स्पर्धेत पडद्यावर आकडा उमटतो तो नेमका हाच.