आभाळाचा वाटा

सिकंदर जाह यांच्या नावाने १८०६ साली वसलेल्या सिकंदराबादेत दोन प्रकारची वस्ती नांदत आली. छावणीचे बंगले ऐसपैस आवारांत, तर जनरल बाजाराकडील घरे अरुंद गल्ल्यांत, भिंतीला भिंत लावून. उन्हाळ्यात माळवदावर किंवा गच्चीवर बाजा टाकून निजण्याची रीत आपल्या जुन्या कुटुंबांना सांगावयास नको. उत्तररात्री पांघरूण ओढावे लागे, तेव्हा खालच्या खोलीच्या भिंती अजून तापलेल्याच असत. या गारव्याचे श्रेय आपण वाऱ्याला देतो; परंतु त्यात मोठा वाटा आभाळाचा असतो. तो मोजण्याच्या विद्येचा एक धागा आपल्याच देशातील बर्फापाशी जाऊन पोहोचतो.

अलाहाबादेत बर्फ कसा तयार करीत, याचे वर्णन सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवले. सुमारे ३० फूट चौरस व २ फूट खोल खड्ड्यांत वाळलेल्या उसाचा किंवा मक्याच्या ताटांचा थर पसरीत. त्यावर मातीच्या उथळ परळांत उकळून गार केलेले पाणी रात्रभर ठेवीत आणि सूर्योदयापूर्वी बर्फ गोळा करीत. त्या प्रदेशातील तळ्या-टाक्यांत मात्र आपण कधी नैसर्गिक बर्फ पाहिला नाही, असे बार्कर यांनीच नोंदविले आहे. खालचा थर जमिनीची ऊब अडवी आणि पाणी आपली उष्णता निरभ्र आभाळाकडे सोडून देई, हे त्याचे मुख्य कारण.

त्याचा उलगडा १८१४ साली विल्यम चार्ल्स वेल्स यांच्या दवावरील निबंधाने झाला. गवतात चार काड्या रोवून त्यांनी सहा इंच उंचीवर एक तलम रुमाल ताणला. हवा तीच, रात्र तीच. पण रुमालाखालचे गवत उघड्या गवताहून उबदार राहिले. रुमालाने फक्त आभाळ झाकले होते.

झाकले, पण किती? प्रकाश कोणत्या कोनात किती पोहोचतो, याचा नियम लांबर्ट यांनी १७६० मध्येच मांडला होता. उष्णतेच्या प्रारणालाही तो लागू पडतो. १९२८ साली नुसेल्ट यांनी बिंदूभोवती अर्धगोल कल्पून हा वाटा भूमितीने काढण्याची रीत दिली. एका पृष्ठभागातून निघालेल्या उष्णतेचा जो हिस्सा थेट दुसऱ्यावर पोहोचतो, त्यास आम्ही येथे दर्शनगुणक म्हणू. सभोवारच्या सर्व पृष्ठभागांचे असे हिस्से मिळून बेरीज एक होते. म्हणून आभाळाचा हिस्सा घटला की तेवढाच भिंतींचा वाढतो.

अमेरिकेतील हॉटेल यांची रीत तर सुतळीने करण्याजोगी आहे. लांब गल्लीच्या एका भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या भिंतीच्या माथ्यापर्यंत अशा दोन तिरप्या सुतळ्या कल्पाव्यात. त्यांच्या बेरजेतून दोन्ही भिंतींची उंची वजा करून गल्लीच्या रुंदीच्या दुपटीने भागावे. गल्ली २० फुटांची आणि घरे १० फूट उंच असतील, तर तिरपी सुतळी २२.३६ फूट भरते आणि उत्तर येते ०.६२. त्याच गल्लीत दोन्हीकडे ४० फुटी इमारती उठल्या, की उरते ०.२४. अर्थात जमीन पूर्वी आपली बासष्ट टक्के उष्णता थेट आभाळाकडे पाठवी, ती आता चोवीस टक्केच पाठविते. बाकीची, दिवसभर उन्हात तापलेल्या भिंतींवर पडते, आणि त्या भिंतीही आपली उष्णता जमिनीकडे धाडतात. शहरांतील रात्रीच्या उष्म्याशी या भूमितीचा संबंध कॅनडातील टिम ओक यांनी १९८१ मध्ये दाखवून दिला.

हा हिशेब केवळ विद्वानांचा नव्हे. २०१५ च्या मे महिन्यातील उष्णतेच्या लाटेने तेलंगणात व आंध्रात शेकडो बळी घेतले. दिवसाचा ताप सोसलेल्या वृद्ध देहाला रात्रीही गारवा लाभला नाही, तर तो खचतो. तेलंगण सरकारने २०२३ साली शीत छपरांचे धोरण जाहीर केले, ते स्वागतार्हच आहे. परंतु पांढरे छप्पर ऊन परतवील; रात्री उष्णता सोडावयास त्याला आभाळ दिसावे लागते.

आपली जुनी घरे एकेक करून बांधकाम व्यावसायिकांच्या हाती जात आहेत. करारात गज मोजले जातात, मजले मोजले जातात. आभाळ कोणी मोजत नाही. घर पाडू नये, असे आम्ही म्हणत नाही. घरोघरच्या अडचणी आम्ही जाणतो. मात्र सही करण्यापूर्वी गल्लीची रुंदी व इमारतीची उंची घेऊन ही बेरीज-वजाबाकी एकदा अवश्य करावी आणि जागा किती सोडायची, हे त्यानंतर ठरवावे. कारण आपण उठविलेली भिंत आपल्याबरोबरच शेजाऱ्याचेही आभाळ कमी करते.