प्रस्तावना : काडाच्या रंगाचे पोलाद

पिस्तूल म्हटले की वाचकाला युद्ध आठवते, गुन्हा आठवतो, नाहीतर सिनेमा. पुढच्या पानांत यांतले फारसे काही भेटणार नाही. नखापासून बोटाच्या पेरापर्यंतच्या आकाराचे चार-पाच पोलादी भाग, त्यांवरचा कमालीचा पातळ रंगीत थर, आणि तो थर माणसाच्या बोटाने, चामड्याने, तेलाने आणि वर्षांनी कसा विरत गेला, एवढाच या अभ्यासाचा विषय आहे. एवढ्याशा गोष्टीसाठी वाचकांनी वेळ का द्यावा, हे सांगण्याची जबाबदारी अर्थातच प्रस्तावनाकाराची.

घरात जुना अडकित्ता असेल तर क्षणभर तो हातात घेऊन पाहावा. दांड्यांच्या बाहेरच्या अंगाला, जिथे वर्षानुवर्षे बोटांचा दाब पडला, तिथे धातू गुळगुळीत आणि उजळ झालेला दिसतो. बिजागरीच्या खिळ्याभोवती एक चकचकीत वर्तुळ असते. नक्षीच्या खाचांत मात्र काळपटपणा जसाच्या तसा राहतो, कारण तिथवर बोट पोचतच नाही. हा अडकित्ता खरोखर रोज चालला की नुसता फडताळात पडून होता, हे आजीला विचारावे लागत नाही. तुमच्या डोळ्यांना ही लिपी थोडीफार आधीपासून येते. तीच एका वेगळ्या वस्तूवर वाचायला शिकायचे, इतकेच आम्हाला सुचवायचे आहे.

त्यासाठी वस्तू निवडली आहे ती जर्मनीचे लुगर पिस्तूल. ह्यूगो बोरशार्टच्या १८९३ सालच्या अवजड पिस्तुलावरून गेओर्ग लुगर या ऑस्ट्रियन रचनाकाराने ते घडवत नेले. स्वित्झर्लंडने ते १९०० मध्ये सैन्यात घेतले, जर्मन नौदलाने १९०४ मध्ये आणि जर्मन भूदलाने १९०८ मध्ये; त्या शेवटच्या वर्षावरून त्याला पी-०८ हे नाव पडले. बर्लिनचा डी.डब्ल्यू.एम. कारखाना आणि एरफुर्टचे सरकारी शस्त्रागार यांनी पहिल्या महायुद्धापर्यंत ते मोठ्या संख्येने बनवले. १९३० मध्ये हे काम ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याकडे गेले आणि १९४२ पर्यंत तिथे चालले. पिस्तुले आणखीही कितीतरी आहेत. पण झिजेचा पहिला पाठ घ्यायला लुगरइतके सोयीचे दुसरे मला माहीत नाही, कारण त्याच्या एकाच अंगावर दोन रंग नांदतात.

पिस्तुलाचे मोठे भाग, म्हणजे नळी, वरची चौकट आणि मुठीचा सांगाडा, गर्द निळे-काळे असतात. चाप, सेफ्टीची कळ, पिस्तूल उकलायची कळ, मॅगझिन सोडायचे बटण आणि उजव्या अंगाचा इजेक्टर हे छोटे भाग मात्र वाळलेल्या गव्हाच्या काडासारखे पिवळे. संग्रहालयाच्या काचेआड असे जोडरंगी पिस्तूल पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते की या कळा पितळेच्या असाव्यात. त्या पोलादाच्याच आहेत, आणि पिवळा रंग त्यांना कुणी लावलेला नाही. तो आगीतून आला आहे.

आपला लोहार विळ्याला पाणी देतो तेव्हा काय होते ते आठवा. लालबुंद पाते पाण्यात बुडवले की कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. तो ठिसूळपणा उतरवायला पाते पुन्हा बेताने तापवावे लागते. तापत असताना घासून उजळ केलेल्या पोलादावर रंग चढत जातात : सव्वादोनशे अंश सेल्सियसच्या आसपास फिका पिवळा, मग तांबूस, जांभळा आणि तीनशेच्या सुमारास मोरपिशी निळा. जुन्या घड्याळांचे निळे काटे याच वाटेने निळे झालेले असतात. जाणता लोहार यातला नेमका रंग हेरून पाते आगीबाहेर काढतो. त्याचे तापमापक म्हणजे हे रंगच. लुगरच्या कळांवरचा पिवळा हा त्या रंगमालिकेतला अगदी सुरुवातीचा टप्पा.

या रंगात रंगद्रव्य नसते. तापलेल्या पोलादावर हवेतल्या प्राणवायूमुळे ऑक्साइडचा पारदर्शक पापुद्रा धरतो आणि त्याच्या दोन पृष्ठांवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून रंग दिसतो. साबणाच्या फुग्यावर दिसतात तसा. पिवळ्या रंगाचा पापुद्रा या सगळ्यांत पातळ, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी. जो थर इतका पातळ आहे तो बोटाखाली टिकावा तरी कसा? लुगरच्या चापावरचा पिवळा उडालेला पाहून नवख्या संग्राहकाचा जीव हळहळतो. ती हळहळ समजण्यासारखी आहे. पण तो रंग उडणे ही त्या वस्तूची स्वाभाविक गती आहे, आणि हे एकदा मनाशी पक्के झाले की पुढचा अभ्यास सोपा होतो.

मोठ्या भागांवरच्या निळ्याची जात वेगळी. १९३७ पूर्वीच्या लुगरवर तो गंजातून साधलेला आहे. स्वच्छ केलेल्या पोलादावर आम्लाचे द्रावण हलक्या हाताने फिरवायचे, दमट हवेत त्याला तांबडा गंज येऊ द्यायचा, मग तो भाग उकळत्या पाण्यात टाकायचा. तांबडा गंज काळ्या, घट्ट चिकटणाऱ्या ऑक्साइडमध्ये बदलतो. वरची सैल पूड तारेच्या ब्रशने झाडायची आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून, असे अनेक वेळा. दिवस खाणारे काम. पण त्यातून जो रेशमी, किंचित खोल वाटणारा निळा मिळतो त्याची सर नंतरच्या पद्धतींना आली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. हा थर पिवळ्याच्या कितीतरी पट जाड असतो. म्हणूनच एकाच पिस्तुलावर निळा बराचसा शाबूत आणि पिवळा जवळजवळ गेलेला, हे दृश्य विसंगत नाही. तसेच असायला हवे.

१९३७ मध्ये माउझरने ही पद्धत सोडली आणि तापलेल्या क्षारद्रावणात भाग बुडवून काळा-निळा रंग देणे सुरू केले. वेळ वाचला; छोट्या भागांचा वेगळा पिवळाही त्याबरोबर गेला. आता कळासुद्धा निळ्या. या बदलाची एक खूण आत लपलेली असते. गंजाची पद्धत ही ब्रशने बाहेरून करायची, म्हणून जुन्या पिस्तुलाच्या सांगाड्याची आतली बाजू उजळ पोलादाची राहिली. बुडवण्याच्या पद्धतीत द्रावण सगळीकडे शिरले, म्हणून नंतरच्या पिस्तुलांचे पोटही काळे. सन १९१६ कोरलेल्या पिस्तुलाचा सांगाडा आतून काळाभोर निघाला, तर त्याला पुढे कधीतरी दुसरी आंघोळ घडली आहे, असे खुशाल समजावे.

आता झिजेकडे वळू. इथे मात्र वाचकांनी घाई करू नये.

चापापासून सुरुवात करा. बोट टेकते तो पुढचा वाकडा भाग आधी फिका होतो, मग राखाडी. दोन्ही बगला आणि वरचा, सांगाड्यात शिरणारा भाग पिवळा टिकवून धरतात. पिवळ्यातून राखाडीकडे जाणारी सीमा कधी रेघेसारखी नसते. ती संध्याकाळच्या उजेडासारखी हळूहळू मावळते, कारण बोट मऊ असते आणि दर वेळी केसभर वेगळ्या जागी टेकते. कडक सीमा दिसली तर तिथे बोटापेक्षा कठीण काहीतरी फिरलेले असते.

सेफ्टीची कळ आणि मॅगझिनचे बटण या अंगठ्याच्या जागा. त्यांच्या खरबरीत पृष्ठावरच्या उंचवट्यांची टोके उजळतात आणि मधल्या खाचांत पिवळा उरतो, अडकित्त्याच्या नक्षीसारखेच. पिस्तूल उकलायची कळ फक्त साफसफाईच्या वेळी फिरते, म्हणून तिच्यावर सर्वांत जास्त रंग सापडावा अशी अपेक्षा ठेवावी. इजेक्टरला तर सहसा बोट लागतच नाही. हा क्रम ध्यानात ठेवा : चाप सर्वांत फिका, अंगठ्याच्या जागा त्याच्या मागोमाग, उकलायची कळ त्याहून ताजी. क्रम उलटा दिसला, म्हणजे चाप सोन्यासारखा आणि उकलायची कळ बोडकी, तर थांबून विचार करायला हवा.

लुगरची यंत्ररचना स्वतःही पोलाद घासते. गोळी सुटली की नळी मागे सरते, वरच्या सांध्याच्या दोन गोल मुठी सांगाड्याच्या मागच्या उतारांवर आपटतात आणि सांधा गुडघ्यासारखा वर दुमडतो. त्या उतारांवर उजळ पट्टे असणे हे पिस्तूल चालल्याचे सरळ चिन्ह. मॅगझिनच्या पत्र्यावर उभ्या रेघा असतात, कारण ते मुठीत सरकत जाते आणि सरकत बाहेर येते. नळीचे तोंड आणि डाव्या अंगाच्या झाकणपट्टीच्या कडा उजळतात त्या चामड्याच्या होल्स्टरमुळे. पिस्तूल शंभरदा उडाले नसेल, पण कमरेला लटकून रोज मैलोगणती चालले असेल, तर हीच झीज दिसेल. सैनिकाच्या आयुष्यातला वाट तुडवण्याचा वाटा लढण्याच्या वाट्याहून किती मोठा असतो, हे मला या कडांनी जितके पटवले तितके युद्धाच्या इतिहासग्रंथांनी पटवले नाही.

एक जागा नवख्यांना हमखास फसवते. सेफ्टीच्या कळेजवळ, ‘गेझिशर्ट’, म्हणजे ‘सुरक्षित’, हा जर्मन शब्द कोरलेला असतो. अनेक सैनिकी लुगरवर त्या शब्दाभोवतीची जागा मुद्दाम उजळ ठेवलेली आहे, अक्षरे चटकन दिसावीत म्हणून. तिथला रंग झिजलेला नाही. तो टिकू दिलेलाच नव्हता. झिजेचा अभ्यास करणाऱ्याने मूळ वस्तू कशी होती हे आधी पाहावे, असे आम्ही वारंवार म्हणतो ते अशा जागांमुळे.

नकली झीज आणि नकली ताजेपणा यांवर पुढे स्वतंत्र विवेचन आहे. इथे थोडक्यात एवढेच की पिवळा रंग परत आणणे अवघड नाही. भाग सुटा करून, घासून, बेताने तापवला की काही मिनिटांत तो पुन्हा काडासारखा होतो. म्हणून अंगभर झिजलेल्या पिस्तुलावर सगळ्या कळा एकसारख्या पिवळ्याधमक दिसल्या की जाणकार आनंदण्याऐवजी भिंग काढतो. कोरलेल्या अक्षरांच्या कडा तीक्ष्ण आहेत की घासून गोलावल्या आहेत, हे तो पाहतो. लुगरच्या छोट्या भागांवर पिस्तुलाच्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. तेही तो जुळवून बघतो. याच्या उलट बाजूही आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्याच्या हाती लागलेली अनेक लुगर नंतर सरसकट क्षारद्रावणात बुडवून काळी केली गेली. त्यांत जुन्या पिवळ्या कळाही काळ्या झाल्या. असे पिस्तूल ‘बिघडलेले’ म्हणून बाजूला सारू नये. त्याच्या आयुष्यात दुसरा मालक आला आणि त्याने आपली पद्धत वापरली, ही नोंद त्या काळ्या थरातच आहे.

या अभ्यासासाठी शस्त्र जवळ बाळगावे लागत नाही, आणि आपल्या देशातला शस्त्रकायदा पाहता बहुतेकांना ते शक्यही नाही. संग्रहालयाची काच, चांगली छायाचित्रे आणि सवड पुरते. छायाचित्र पाहताना उजेड कोणत्या बाजूने आला आहे ते आधी हेरा; समोरून पडलेल्या लखलखाटात पिवळा आणि राखाडी एकच दिसतात, तिरप्या उजेडात ते वेगळे होतात. एकाच पिस्तुलाची दोन्ही अंगे पाहिल्याशिवाय मत बनवू नका. आणि एका पिस्तुलावरून नियम काढू नका; दहा पाहा, मग हळूच बोला.

ज्यांच्याकडे वाडवडिलांची शस्त्रे आहेत, मग ती पिस्तुले असोत की तलवारी, त्यांच्याशी दोन शब्द अधिक बोलावेसे वाटतात. खंडेनवमीला शस्त्रे उतरवून पुसण्याची आपली रीत फार चांगली. वर्षातून एकदा तरी त्यांच्याकडे लक्ष जाते. पण पुसणे आणि घासणे यांत फरक करावा. मऊ कापड आणि थोडे तेल पुरे. ज्या पावडरीने तांब्याचा तांब्या लखलखतो तिने शंभर वर्षांचा थर एका दुपारी जातो आणि पुन्हा येत नाही. बोटांच्या घामातले मीठही पोलादाला लागते, म्हणून हाताळल्यावर पुसूनच ठेवावे. चामड्याच्या म्यानात किंवा होल्स्टरमध्ये कायमचे ठेवू नये. चामडे कमावताना वापरलेली आम्ले आणि पावसाळ्यातली ओल मिळून आतल्या आत धातू खातात. कोकणात आणि मुंबईत तर हे एका पावसाळ्यात दिसून येते.

पहिल्या प्रकरणात आम्ही एकच चाप घेतला आहे, आठ बाजूंनी टिपलेला. छायाचित्रांखालचा मजकूर आधी वाचू नका. तिरप्या उजेडात ती आठही चित्रे सावकाश पाहा, पिवळा कुठे संपतो तिथे पेन्सिलीने फिकी रेघ ओढा, आणि मग पान उलटा.