वऱ्हाडांतील बालछायाचित्रांचा कालनिर्णय

अमरावती-अकोल्याकडील जुन्या घरांत मुलांचीं छायाचित्रें सांपडतात. पाठीवरील नांवें बहुधा मागाहून लिहिलेलीं असतात. सबब कागदपत्रांप्रमाणेंच त्यांसही कसोटी लावावी.

प्रथम पुठ्ठा पाहावा. सुमारें ४। × ६॥ इंचांचा 'कॅबिनेट' पुठ्ठा १८६६ सालीं इंग्लंडांत निघाला. चित्र त्यापूर्वींचें असूं शकत नाहीं. छापील पत्त्यांत 'सी. पी. अँड बेरार' असल्यास पुठ्ठा १९०३ नंतरचा, कारण त्या सालीं वऱ्हाड प्रांत मध्यप्रांतास जोडला गेला. मुंबईच्या छायाचित्रकाराचें नांव असल्यानें कुटुंब मुंबईचें ठरत नाहीं. १८६७ पासून आगगाडी अकोला-बडनेऱ्यावरून नागपुरास जात होती. लहान मुलग्यांसही दागिने घालीत, म्हणून केवळ दागिन्यांवरून मुलगी ठरवूं नये.

नंतर जन्मपत्रिका घ्याव्या. मांडीवरील मुलाचा जन्मशक ही पूर्वमर्यादा होय. पाठच्या भावंडाचा अभाव उत्तरमर्यादा सुचवितो, सिद्ध करीत नाहीं.

वंशावळींत बहुधा पुत्रांचींच नांवें येतात. कन्या व बालपणीं वारलेलीं मुलें यांचा एकमेव पुरावा कधीं कधीं असें चित्रच असतें. म्हणून चित्र व पत्रिका एकाच दप्तरांत ठेवावीं.